फवारणीवाले दोन: एक धूरवाला, एक टॉर्चवाली

ऑगस्टातली सकाळ, साडेदहाची वेळ. गेटची कडी वाजवली की आतून एक काकू डोकावतात. माझ्या गळ्यात ओळखपत्र, हातात टॉर्च, काखेत वही. "कूलर पाहायचा होता जी, काकू." त्यावर उत्तर ठरलेलं: "पुन्हा काऊन आल्या? परवाच तर फवारणीवाले येऊन गेले. अख्खी गल्ली धुरानं भरून टाकली."

पूर्व नागपुरात चार पावसाळे मी घरोघरी डासांच्या अळ्या शोधत फिरले. हे उत्तर इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मीच आधी म्हणून टाकायची, "धूरवाले वेगळे, आम्ही वेगळे." वेगळे म्हणजे कसे, हे सांगायला मात्र कधी सवड मिळाली नाही. काकूंचा कुकर शिट्ट्या देत असायचा आणि माझी पुढची चाळीस घरं राहिलेली असायची.

लोकांच्या लेखी आम्ही सगळेच 'मलेरियावाले'. दोघंही डासांच्याच मागे, म्हणून गल्लत होणं साहजिक आहे. पण धुराचं मशीन उडणाऱ्या डासासाठी असतं, आणि टॉर्च अजून न उडालेल्या डासासाठी. पहिलं काम मुख्यतः साथ लागल्यावरचं, दुसरं साथ लागू नये म्हणूनचं.

आधी धूर बघू. मशीनमध्ये डिझेल किंवा रॉकेलात कालवलेलं कीटकनाशक असतं. ते तापून बाहेर फेकलं जाताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे बारीक थेंब होतात. आपल्याला दिसतो तो पांढरा लोट बराचसा तेलाचा. डासाला मारतो तो थेंब, आणि तोही डासाच्या अंगावर बसला तरच. धूर विरला की काम संपलं. भिंतीवर त्याचा असर उरत नाही, पाण्यातल्या अळीला तर काहीच होत नाही. आज संध्याकाळी धूर सोडला आणि तुमच्या गच्चीवरच्या ड्रममध्ये कोष तयार असले, तर उद्या सकाळी ताजे डास हजर.

त्यात डेंग्यूचा डास, म्हणजे एडिस इजिप्ती, हा घरबशा प्राणी. पलंगाखाली, पडद्यामागे, खुंटीवरच्या कपड्यांत, कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो बसून असतो. धूर जातो रस्त्यावरून. आणि मशीनची घरघर ऐकू आली की आपण पहिलं काय करतो? खिडक्या धडाधड बंद! बाहेर पोरं धुरामागे पळतात, आत डास निवांत.

तरी धुरानं लोकांना बरं वाटतं, आणि ते वाटणं अगदीच खोटं नसतं. रात्री कानाशी गुणगुणणारे डास दोन-तीन दिवस खरंच कमी होतात. पण ते डास कोणते? नाग नदीच्या, पिवळ्या नदीच्या, नाल्या-गटारांच्या घाण पाण्यातून येणारे क्युलेक्स. ते हत्तीरोग पसरवतात, जो विदर्भाला काही नवा नाही. डेंग्यू मात्र ते पसरवत नाहीत. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळण्याआधी जास्त. त्याला गटार नको असतं, तुम्ही काळजीनं भरून ठेवलेलं स्वच्छ पाणी हवं असतं. थोडक्यात, धुराचा गुण आपण भलत्याच डासावर मोजतो. माझ्या मते सगळ्या घोळाचं मूळ इथे आहे. "समोरचा नाला साफ करा, मग आमच्याकडे या," असं ऐकवणारे भाऊ मला दर गल्लीत भेटले. नाल्याबद्दलचा त्यांचा राग रास्तच होता. फक्त त्यांच्या घरातला डेंग्यू त्या नाल्यातून येणार नव्हता.

आता टॉर्च. नागपुरात हे काम मुळात कूलरपासून सुरू होतं. मे 2013 मध्ये 47.9 अंश पाहिलेलं हे गाव. इथे कूलर ही चैन नव्हे. मृगाचा पाऊस पडला की कूलरचं बटण बंद होतं, पण खिडकीबाहेरच्या लोखंडी स्टँडवरचं ते धूड कोण उतरवणार? दिवाळीच्या सफाईपर्यंत ते तिथेच. टाकीत चार बोटं पाणी राहिलेलं असतं, त्यात पावसाची भर पडते. ताट्यांची सावली, स्वच्छ पाणी, कुणाची ये-जा नाही. एडिसच्या मादीला आणखी काय पाहिजे?

ती अंडी पाण्यात सोडत नाही, पाण्याच्या रेषेच्या जरा वर टाकीच्या ओलसर कडेला चिकटवते. बारीक काळे ठिपके, काजळी लागल्यासारखे. पाणी चढलं की ती फुटतात आणि आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून उडत्या डासापर्यंत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा म्हणतात, तो या हिशेबानं: डास पंख पसरण्याआधी पाणी उपसलं पाहिजे. पण नुसतं उपसून भागत नाही. ही अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात. कूलर रिकामा करून ताडपत्रीत गुंडाळून ठेवला आणि मार्चमध्ये पाणी भरलं, तर मागच्या सालची अंडी फुटू शकतात. म्हणून टाकीच्या कडा घासणीनं खसाखसा घासायच्या. मी दारोदार हेच सांगत राहायची, आणि बहुतेक लोक पाणी ओतून मोकळे व्हायचे.

ओतायचं तेही मोरीत नको, कोरड्या मातीवर. अळ्या तिथे मरतात. रिकामं करता येत नाही अशा टाक्यात अ‍ॅबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, टाकतात. ठरलेल्या मात्रेत ते वापराच्याच काय, पिण्याच्या पाण्यातही चालतं, पण हे पटवताना घसा कोरडा पडतो. विहिरीत किंवा मोठ्या हौदात गप्पी मासे सोडले की ते अळ्या खातात.

कूलर झाला की आम्ही बाकीचं पाहायचो: कुंड्यांखालच्या ताटल्या, पाखरांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं, गच्चीवरचे टायर, झाकण फुटलेली टाकी, फ्रिजच्या मागचा ट्रे. या शेवटच्या ट्रेबद्दल मी फार अधिकारवाणीनं बोलायची. एका रविवारी माझ्याच घरचा फ्रिज सरकवला तर ट्रेमध्ये अळ्या वळवळत होत्या. नवऱ्यानं शांतपणे विचारलं, "वहीत लिहू का?"

त्या वहीचा हिशेब सोपा असतो. समजा 100 घरं पाहिली, 8 घरांत अळ्या सापडल्या आणि त्या 8 घरांत मिळून 14 भांडी दूषित निघाली. म्हणजे हाऊस इंडेक्स 8 आणि ब्रेटो इंडेक्स 14. हे आकडे चढू लागले की रुग्ण दिसण्याआधीच कळतं, कोणत्या वस्तीत डेंग्यूला पाय पसरायला जागा आहे. धुराच्या मशीनला यातलं काही सांगता येत नाही.

मग मशीन बिनकामाचं का? तसं मी म्हणणार नाही. वस्तीत डेंग्यूचा रुग्ण निघाला की चित्र बदलतं. ताप येण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून तापाच्या साधारण पाचव्या दिवसापर्यंत रुग्णाला चावणाऱ्या डासात विषाणू जाऊ शकतो. त्या डासात तो वाढायला 8 ते 12 दिवस लागतात, आणि मग तो डास मरेपर्यंत रोग वाटत फिरतो. फिरतो तोही फार लांब नाही, साधारण 400 मीटरच्या आत. म्हणजे रुग्णाचा रिपोर्ट हाती येतो तोवर त्याच्या आणि शेजारच्या घरांत काही डास विषाणू घेऊन बसलेले असू शकतात. ते उडते डास. माझी टॉर्च तिथे काय करणार? तिथे फवारणीच हवी, आणि तीही घराच्या आत, अन्न-पाणी झाकून, माणसं बाहेर काढून, मग थोडा वेळ दारं-खिडक्या लावून. त्याच दिवशी त्याच घरांतली भांडीही तपासायची, नाहीतर मेलेल्या डासांच्या जागी आठवड्यात नवे येतात. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा असं सांगतात, ते याच साखळीमुळे. रुग्णाची लाज वाटायचं त्यात काही नाही.

ही जोडी जुनी आहे. 1901 मध्ये क्युबातल्या हवानात अमेरिकी लष्करी डॉक्टर विल्यम गॉर्गस यांनी याच डासानं पसरणारा पीतज्वर आटोक्यात आणला, तेव्हा त्यांची माणसं रुग्णांच्या घरांत धुरी देत होती आणि गावभर पाण्याची पिंपं तपासत होती. अळ्या सापडल्या तर घरमालकाला दंडही होता.

आमच्याकडे दंडापेक्षा फोन जास्त. नगरसेवकाला फोन जातो तो "आमच्या गल्लीत धूर सोडा" असा. "आमचा कूलर तपासा" असा फोन कुणी केल्याचं मी ऐकलेलं नाही. धूर दिसतो, त्याचा फोटो निघतो. घासलेल्या टाकीचा फोटो कोण काढणार?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक निघते. "रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत इतवारीतून सगळं गाव ओरडतं, आणि योगायोग असा की डेंग्यूचा हंगाम तेव्हाच भरात असतो. एका वर्षी मारबतीनंतरच्या सकाळी मी सुरुवातीच्या त्याच काकूंकडे गेले. कुरकुर करत का होईना, त्यांनी आत घेतलं. कूलरचं मागचं दार काढून टॉर्च मारला तर उजेडानं अळ्या सपकन तळाशी गेल्या. काकूंनी वाकून पाहिलं, मुलाला हाक मारून टाकी उपसायला लावली, घासणीसुद्धा आणली. मी वहीत 'कूलर 1, अळ्या आढळल्या' लिहून निघाले, तशी मागून हाक आली:

"आता एवढं केलंच आहे तर धूरवाल्यांना पाठवाल ना जी?"