वासरांचा वैरी नुसती थंडी नव्हे, ओल

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या नॉर्थ डकोटात बऱ्याच गाई मार्च-एप्रिलमध्ये वितात. तिथं वासरं दगावली की 'कडाक्याची थंडी' एवढंच कारण सांगितलं जातं. हा समज अर्धवट आहे, आणि त्यामुळे खरा धोका नजरेआड होतो.

हिवाळ्याचे दाट केस असलेली कोरडी गाय साधारण उणे ८ अंश सेल्सिअसपर्यंत जादा खाद्याशिवाय तग धरते. तीच भिजली, की १५ अंशांनाच ऊब टिकवायला तिची जास्तीची ताकद खर्ची पडू लागते. केसांत अडकलेली हवा हेच तिचं पांघरूण. पाणी ते हिरावून घेतं. वासरू तर जन्मतःच ओलं, त्यात अंगात चरबी बेताची. म्हणून शून्याच्या आसपासचा पाऊस, ओला बर्फ आणि वारा एकत्र आले की कोरड्या गारठ्यापेक्षा अनेकदा घातक ठरतात. कोरडा पेंढा, वाऱ्याला आडोसा आणि पहिल्या काही तासांत पोटभर चीक यांनीच वासरू वाचतं.

पेरणीही नुसती तारीख बघून होत नाही. गव्हाला मातीचं तापमान ४-५ अंश पुरतं, मक्याला १० लागतं. २०२२ च्या एप्रिलमधल्या हिमवादळांत तिथं वासरं गेली, पेरणी लांबली. पण आदल्या वर्षीच्या दुष्काळाने होरपळलेल्या कुरणांना ओल मिळाली ती त्याच बर्फातून.