पाटाच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी

नेपाळच्या डोंगराळ भागात ओढ्यांचं पाणी शेताकडे वळवायला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या दगड, माती आणि फांद्यांचे कच्चे बंधारे घालत आले आहेत. पावसाळ्यात पूर येतो, बंधारा वाहून जातो, गाव पुन्हा कामाला लागतं. ही दरवर्षीची दगदग संपावी म्हणून काही ठिकाणी सरकारी योजनांतून सिमेंटचे पक्के बंधारे झाले. सामायिक संपत्तीच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा अनेक योजना तपासल्या. शेतकऱ्यांनी स्वतः चालवलेल्या योजना सरकारी खात्याच्या योजनांपेक्षा एकंदरीत सरस निघाल्या. पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचवण्यात तर नक्कीच.

असं का व्हावं? कच्चा बंधारा दरवर्षी उभा करणं पाटाच्या सुरुवातीला असलेल्या, वरच्या शेतकऱ्यांना एकट्याने झेपत नाही. त्यासाठी खालच्यांचे हात लागतात, आणि हात लागतात म्हणून पाणीवाटपात खालच्यांचा शब्द ऐकावा लागतो. बंधारा पक्का झाला की ही गरज संपते. पाणी आधी वरच्यांच्या शेतात मुरतं, खालचा तक्रार करत राहतो.

लोकशाहीचं मर्म मला या बंधाऱ्यात दिसतं. निर्णयाचा फटका ज्याला बसतो, त्याचं म्हणणं निर्णय घेणाऱ्याला टाळता येऊ नये. मतदान हा त्याचा एक मार्ग, एकमेव नव्हे.

जंगलांचं उदाहरण याहून बोलकं आहे. सामायिक कुरण प्रत्येकाच्या स्वार्थापायी उजाड होणारच, असं अमेरिकन पर्यावरणशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलं. मग उपाय दोनच उरतात असं मानलं गेलं: सरकारी ताबा किंवा खासगी मालकी. नेपाळने त्याआधीच, 1957 मध्ये, खासगी जंगलं सरकारजमा केली होती. पण रान आपलं राहिलं नाही, तर राखायचं कोणासाठी? राखण करायला सरकारकडेही पुरेशी माणसं नव्हती. पुढची काही दशकं डोंगर बोडके होत गेले. 1990 मध्ये बहुपक्षीय लोकशाही परतली आणि 1993 च्या वन कायद्याने गावोगावच्या उपभोक्ता समूहांना, म्हणजे जंगल वापरणाऱ्या गावकऱ्यांच्या गटांना, जंगल सांभाळण्याचा आणि वापरण्याचा हक्क दिला. आज असे 22,000 हून अधिक समूह आहेत. उपग्रहचित्रांच्या अभ्यासानुसार 1992 मध्ये देशाच्या सुमारे 26 टक्के भूभागावर जंगल होतं, 2016 मध्ये ते सुमारे 45 टक्क्यांवर गेलं. श्रेय एकट्या समूहांचं नाही. लाखो लोक कामासाठी परदेशी गेले, डोंगरावरची शेतं पडीक राहिली, हेही त्यामागे आहे.

मला जास्त मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. 1997 ते 2017 अशी वीस वर्षं नेपाळमध्ये स्थानिक निवडणुका झाल्या नाहीत. त्यातली बरीच वर्षं यादवी युद्धाची. त्या काळातही अनेक समूह सभा घेत होते, हिशेब मांडत होते, समित्या निवडत होते. गावपातळीवरचं नेतृत्व तिथे घडत गेलं.

त्रुटी होत्याच. जमीनवाले, वरच्या जातींचे पुरुष खुर्च्या अडवत. अर्थशास्त्रज्ञ बीना अग्रवाल यांनी नेपाळ आणि गुजरातमधल्या अशा जंगल-समित्या अभ्यासल्या, तेव्हा ज्या समित्यांत स्त्रिया जास्त होत्या तिथे जंगल अधिक सुधारलेलं दिसलं. सरपणासाठी रोज रानात जाणाऱ्या बाईला कुठली आडवाट जंगलात शिरते, कुठल्या झाडावर चोरून कुऱ्हाड पडते, हे ठाऊक असतं. समितीत ती नसेल, तर हे सभेत कोणी बोलत नाही.