विषयवैराग्य (भक्तिमार्गातील)

इंद्रियांना आणि मनाला बाहेर खेचणाऱ्या विषयांची ओढ ईश्वरप्रेमामुळे ओसरणे, याला भक्तिमार्गात विषयवैराग्य म्हणता येईल. शब्द, स्पर्श, रूप, रस व गंध हे पाच विषय. त्यांच्या आसक्तीतून काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे षड्रिपू बळावतात. विषयांवर जय मिळवण्याची गरज योगमार्ग आणि ज्ञानमार्गही मानतात. भक्तिमार्गाचे वेगळेपण असे, की तो ओढ मारायला सांगत नाही, ती देवाकडे वळवायला सांगतो.

या विचाराचे बीज भगवद्गीतेत (२.५९) आहे. निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात, पण त्यांची गोडी मागे उरते. ती परतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. ज्ञानेश्वरीत (शके १२१२) यावर झाडाचा दृष्टान्त येतो : वरवरची पालवी खुडली आणि मुळाशी पाणी घालत राहिले, तर झाड मरणार कसे? निग्रहाची मर्यादा इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी दाखवली असेल.

भागवताच्या नवव्या स्कंधातील दोन कथा या दृष्टीने शेजारी ठेवून वाचाव्यात. सौभरी ऋषी यमुनेच्या पाण्यात राहून तप करत होते. तिथे माशांची रतिक्रीडा दिसली आणि संसाराची इच्छा जागी झाली. पुढे त्यांनी मांधाता राजाच्या पन्नास मुलींशी विवाह केला. अंबरीष मात्र राजवैभवात राहूनही निर्लेप होता. त्याचे मन कृष्णचरणी, वाणी गुणगानात, हात मंदिर झाडण्यात, कान कथेत, डोळे मूर्तीच्या दर्शनात, नाक तुळशीच्या सुगंधात, जीभ प्रसादात आणि पाय क्षेत्रयात्रेत गुंतलेले होते. एकही इंद्रिय त्याने रिकामे ठेवले नाही.

दक्षिणेतील विष्णुभक्तांच्या श्रीवैष्णव परंपरेतील धनुर्दासाची कथाही हेच सांगते. पत्नीच्या डोळ्यांवर भाळलेला हा मल्ल भर रस्त्यात तिच्यावर छत्री धरून चाले. रामानुजाचार्यांनी त्याला दटावले नाही. याहून सुंदर डोळे दाखवतो, असे म्हणून ते त्याला श्रीरंगमला रंगनाथासमोर घेऊन गेले, आणि तो कायमचा देवाचा झाला.

ज्याची इंद्रिये अजून ताब्यात नाहीत त्याने काय करावे? भागवताच्या एकादश (अकराव्या) स्कंधात (११.१४.१८) कृष्ण आपला भक्त उद्धव याला सांगतो, की अशा भक्ताला विषय छळतात, पण प्रबळ भक्तीमुळे तो बहुधा त्यांच्यापुढे हरत नाही. ‘बहुधा’ (प्रायः) हा शब्द महत्त्वाचा आहे. त्यात फाजील आश्वासन नाही, पण आधार मोठा आहे. आधी शुद्ध व्हा आणि मग भक्तीला लागा, अशी अट इथे नाही. याच स्कंधात (११.२.४२) जेवणाचा दाखला आहे : प्रत्येक घासागणिक समाधान, पोषण आणि भूक भागणे एकदमच घडते, तसे भक्ती, ईश्वरानुभव आणि विरक्ती एकाच वेळी वाढतात. एकनाथांनी या स्कंधावरील आपली मराठी टीका शके १४९५ मध्ये वाराणसीत पूर्ण केली. ते स्वतः पैठणचे गृहस्थाश्रमी होते.

भक्तीतही लोभ शिरतो, आणि तो ओळखणे अधिक अवघड. नृसिंह वर देऊ करतो तेव्हा प्रल्हाद म्हणतो, की मागणे घेऊन येणारा सेवक नव्हे, व्यापारी होय. आपल्या हृदयात कामनेचा अंकुरच फुटू नये, एवढेच तो मागतो.

नारदभक्तिसूत्रे कुसंग टाळण्यावर भर देतात : विकार उठतात लाटांसारखे, पण संगतीने त्यांचा समुद्र होतो. वारकरी संप्रदायाने संगतीलाच शिस्तीचे रूप दिले. तुळशीची माळ घालणारा मद्यमांस सोडतो, परस्त्रीला मातेसमान मानतो, एकादशी धरतो, हरिपाठ म्हणतो आणि दिंडीबरोबर पंढरीची वारी करतो. वारी संपली, की तो आपल्या शेतात, संसारात परततो.