गालावरच्या पेशींना काय माहीत असतं?

१९८५ साली जपानमधल्या कोबे शहरात जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा भरल्या होत्या. स्पेनची अडथळा शर्यतपटू मारिया होझे मार्टिनेझ-पातिन्यो तिथे पोचली, पण एक कागद घरीच विसरली. दोन वर्षांपूर्वी हेलसिंकीत मिळालेलं, आपण स्त्री असल्याचं प्रमाणपत्र. (हो, तेव्हा असं प्रमाणपत्र देत असत.) मग पुन्हा तपासणी झाली. गालाच्या आतून खरवडलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली गेल्या आणि उत्तर आलं, ही स्त्री नाही. दुखापतीचं निमित्त करून बाजूला हो, असं तिला सांगण्यात आलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी पुन्हा तोच सल्ला मिळाला, तेव्हा मात्र ती धावली. बातमी फुटली. शिष्यवृत्ती, विक्रम, ठरलेलं लग्न, सगळंच गेलं.

सूक्ष्मदर्शकाला दिसलं तरी काय? एक ठिपका दिसला नाही, इतकंच. स्त्रियांत सहसा असतात तशी दोन एक्स गुणसूत्रं असली की त्यातलं एक पेशी बंद करून गुंडाळून ठेवते. त्याचा गडद ठिपका कॅनडातल्या मरे बार यांना १९४९ मध्ये मांजराच्या चेतापेशींत सापडला होता. १९६८ पासून ऑलिंपिकने याच ठिपक्यावर भरवसा ठेवला. गंमत अशी की एक्स-एक्स-वाय गुणसूत्रं असलेल्या पुरुषाच्या पेशीतही तो असतो. म्हणजे असा पुरुष या परीक्षेत सहज पास, आणि पातिन्यो नापास!

तिची गुणसूत्रं एक्स-वाय होती. मग शरीर स्त्रीचं कसं? इथे गर्भात डोकवावं लागतं. पहिले सहा आठवडे मुलगा-मुलगी दोघांच्याही जननग्रंथी सारख्याच दिसतात. मग वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय हे जनुक जागं झालं, तर त्या ग्रंथींचे वृषण बनतात. वृषणांतून टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक झरतं. पण ते नुसतं झरून भागत नाही. पेशींमध्ये त्याचा निरोप ऐकणारं एक प्रथिन लागतं, आणि त्याचं जनुक वाय नव्हे तर एक्स गुणसूत्रावर असतं. ते पूर्ण बिघडलेलं असेल तर टेस्टोस्टेरॉन रक्तात फिरत राहतं आणि शरीराला त्याचा पत्ताच नसतो. बाळ मुलगी म्हणून जन्मतं, मुलगी म्हणून वाढतं. गर्भाशय नसल्यामुळे पाळी येत नाही, आणि बहुधा तेव्हाच डॉक्टरांकडे जाणं होतं. पातिन्योचं असंच होतं. टेस्टोस्टेरॉनचा तिला शर्यतीत कणभरही उपयोग नव्हता.

आता दुसरं उदाहरण घ्या. गुणसूत्रं तीच एक्स-वाय, निरोप ऐकणारं प्रथिनही धडधाकट. फक्त टेस्टोस्टेरॉनला अधिक तीव्र रूप देणारं एक विकर (एन्झाइम) नाही. बाह्य जननेंद्रियं घडायला ते तीव्र रूप लागतं. त्यामुळे जन्मतः बाळ मुलगी वाटू शकतं. स्नायूंना मात्र साधं टेस्टोस्टेरॉन पुरतं, आणि पौगंडावस्थेत ते आपलं काम चोख करतं. दोघींच्या गालांवरच्या पेशी एकच उत्तर देतील. धावपट्टीवर मात्र दोघींची गोष्ट अगदी वेगळी.

१९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ महिला खेळाडू तपासल्या गेल्या. तोवर ठिपक्याऐवजी एसआरवाय शोधत असत; ते आठ जणींत सापडलं. सात जणींना टेस्टोस्टेरॉनचा निरोप ऐकू न येण्याचा प्रकार, एकीत विकराचा अभाव. आठही जणींना खेळू दिलं. ऑलिंपिकमधली सरसकट चाचणी १९९९ मध्ये बंद झाली.

सप्टेंबर २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने ती परत आणली आहे. महिला गटात उतरायचं तर आयुष्यात एकदा एसआरवायची तपासणी. पातिन्योसारख्यांना नव्या नियमांत सूट आहे, हे नोंदवायला हवं. तरीही १९९० मध्ये हे जनुक शोधणाऱ्या चमूतले अँड्र्यू सिंक्लेअर यांनीच या वापरावर आक्षेप घेतला. जनुक आहे, एवढंच चाचणी सांगते. ते काम करतं का, टेस्टोस्टेरॉन बनतं का, शरीर ते वापरतं का, हे नाही.

महिलांचा वेगळा गट हवाच, याबद्दल मला शंका नाही. अव्वल धावपटूंत पुरुष-स्त्रियांमधला फरक साधारण १० ते १२ टक्के असतो आणि तो मुख्यतः पौगंडावस्थेत पडतो. पारलिंगी स्त्रियांबद्दलचा, म्हणजे जन्मतः पुरुष मानल्या गेलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्यांबद्दलचा वाद याच मुद्द्यावर आहे. नंतर टेस्टोस्टेरॉन उतरवलं तर हिमोग्लोबिन काही महिन्यांत घटतं. उंची आणि हाडांची ठेवण बदलत नाही. पण हा धावपट्टीचा प्रश्न झाला. तो तसाच उचलून, महिलांच्या स्वच्छतागृहात कोणी जावं या वादात, स्वच्छतागृहाच्या दाराशी नेला की घोटाळा होतो, कारण तिथे मुद्दा स्नायूंचा नसून सुरक्षिततेचा आणि खासगीपणाचा आहे. एप्रिल २०२५ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातला ‘स्त्री’ हा शब्द जैविक लिंगापुरता धरला. तो कायद्यातल्या शब्दाचा अर्थ होता, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हे. लोकलच्या लेडीज डब्यात चढताना कोणी कोणाची गुणसूत्रं विचारत नाही. तिथली गरज वेगळी, निकषही वेगळा.

पातिन्योच्या बाजूने उभे राहिले ते फिनलंडचे अनुवंशशास्त्रज्ञ अल्बर्ट द ला शापेल. एक्स-एक्स गुणसूत्रं असलेला पुरुष त्यांनी १९६४ मध्येच वर्णन करून ठेवला होता, त्यामुळे ठिपक्यावर विसंबण्यातला धोका त्यांना पुरता ठाऊक होता. १९८८ मध्ये तिला पुन्हा खेळायची परवानगी मिळाली. तोवर तिची ऐन उमेदीची वर्षं संपली होती.