बंधारा बुटका आहे म्हणून कयाक वरनं सोडू नका

खानापूर भागात मलप्रभा नदीवर कयाक (वल्ह्यानं चालवायची छोटी, अरुंद बोट) घेऊन जायचं म्हटलं की कोणीतरी सांगतंयच, बंधारा कमरेएवढाच आहे, नाक सरळ धरा नि सोडा, काय होत नाही. हे साफ चुकीचं आहे आणि जिवावर बेतणारं आहे.

बंधाऱ्यावरनं पडलेलं पाणी थेट तळाला जातं, जरा पुढं वर येतं आणि वरचा थर परत भिंतीकडंच फिरतो, म्हणजे पाणी पुढं वाहताना दिसतं पण त्यात सापडलेली कयाक नि माणूस दोघंही मागं ओढले जातात, आणि परत परत खाली दाबले जातात. फेसात हवा मिसळलेली असते म्हणून लाईफ जॅकेटसुद्धा नेहमीसारखं उचलत नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथनं सुटणं अवघड, उंची कितीही कमी असू दे.

वरच्या अंगानं येताना तर बंधारा दिसतच नाही, नुसती पाण्याची सपाट रेघ दिसते. म्हणून आदल्या दिवशी काठानं चालत जाऊन बघा, शेतकऱ्यांना विचारा, बरंच अलीकडं उतरा आणि बोट खांद्यावरनं नेऊन फेस संपल्यावर खाली सोडा. कोणी अडकलाच तर मागनं उडी नको, काठावरनं दोरी टाका. आणि नदीच्या उगमाकडं, कणकुंबीला जोराचा पाऊस लागला असेल तर खानापुरात ऊन असलं तरी त्या दिवशी नदीत उतरूच नका!