जीसेड

विषाणूंचे जनुकक्रम (जनुकीय घटकांची क्रमवार मांडणी) संशोधकांना उपलब्ध करून देणारा आंतरराष्ट्रीय संग्रह. प्रारंभी तो फक्त इन्फ्ल्यूएंझा (फ्लू) विषाणूंसाठी होता. २०२० पासून सार्स-कोव्ह-२ या करोना विषाणूच्या नोंदींमुळे सर्वज्ञात झाला.

स्थापनावर्ष सामान्यतः २००८ दिले जाते. त्या वर्षी मे महिन्यात, जागतिक आरोग्य सभेच्या सुमारास, संग्रह प्रत्यक्ष खुला झाला. कल्पना मात्र निदान २००६ पर्यंत मागे जाते. त्या वेळी बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूचे बरेच क्रम अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील संग्रहात असत व मोजक्याच प्रयोगशाळांना पाहता येत. इटलीच्या पशुवैद्य इलारिया कापुआ यांनी नायजेरियातील विषाणूचा क्रम तेथे देण्याचे नाकारून तो जेनबँक या खुल्या संग्रहात ठेवला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अशी माहिती वाटून घेण्याविषयीचे, अनेक शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र नेचर या नियतकालिकात आले. उगमाचे श्रेय जीसेड संस्था मुख्यतः आपले संस्थापक पीटर बोग्नर यांना देते, तर काही लेखक कापुआ यांच्या कृतीला. परंतु जेनबँक खुली असताना आणखी एक संग्रह का लागला, याचा उलगडा इंडोनेशियाच्या भूमिकेवरून अधिक होतो. आपल्या रुग्णांच्या नमुन्यांवरून परदेशी कंपन्या लस बनवतात आणि ती आपल्यालाच परवडत नाही, या रास्त तक्रारीवरून त्या देशाने २००७ च्या सुमारास नमुने पाठवणे थांबवले होते.

म्हणून जीसेडमध्ये नावनोंदणी व करार आवश्यक असतो. क्रम देणाऱ्या प्रयोगशाळेचा उल्लेख करावा लागतो. क्रम परस्पर इतरांना देता येत नाहीत. जेनबँकेत अशी अट नाही. या बंधनांमुळे संशोधन अडते, असे मांडणारे खुले पत्र जानेवारी २०२१ मध्ये निघाले. तरीही साधनांची चणचण असलेल्या प्रयोगशाळांना आपले काम हातचे जाणार नाही ही हमी मोलाची वाटते, आणि तिच्यावाचून कित्येक क्रम वेळेवर बाहेर आले नसते.

इन्फ्ल्यूएंझाच्या नोंदीचे नाव ठरावीक पद्धतीने लिहितात. उदा., ए/गूज/ग्वांगडाँग/१/१९९६ (एच५एन१) : विषाणूचा प्रकार, यजमान प्राणी (येथे हंस), ठिकाण, नमुन्याचा क्रमांक, वर्ष, शेवटी उपप्रकार. विषाणू माणसात सापडला असल्यास यजमान लिहीत नाहीत.

भारतातील पहिले दोन सार्स-कोव्ह-२ क्रम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने केरळमधील रुग्णांच्या नमुन्यांवरून निश्चित करून जीसेडला दिले. डिसेंबर २०२० मध्ये सार्स-कोव्ह-२ चे क्रम निश्चित करणाऱ्या देशातील प्रयोगशाळांचे इन्साकॉग हे जाळे स्थापन झाले.