'नैसर्गिक ऍस्पिरिन' म्हणजे नक्की काय? विलोच्या सालीची जुनी गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या सदाशिव पेठेतल्या आत्याने विलो नावाच्या झाडाच्या सालीच्या कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या, डबीवर मोठ्या अक्षरात 'नैसर्गिक ऍस्पिरिन', आणि मला फोन करून विचारते, "अगं, ती हार्टची छोटी गोळी बंद करून हेच घेऊ का?" ती गोळी म्हणजे कमी डोसची ऍस्पिरिन, म्हणून मी आधी घाबरलेच, आणि म्हणून हे मागचं सगळं लिहितेय.

एडवर्ड स्टोन म्हणून इंग्लंडमधल्या चिपिंग नॉर्टनचा एक पाद्री होता. त्याने सहज विलोची साल चावून बघितली तर ती इतकी कडू लागली की त्याला सिंकोनाच आठवला, म्हणजे मलेरियावर देत ती कडू साल. सिंकोना लांबून यायचा, महाग पडायचा, आणि विलो तर ओढ्याकाठी कुठेही. मग त्याने जवळपास अर्धा किलो साल पिशवीत भरून भट्टीच्या बाहेरच्या बाजूला तीन महिने वाळवली, कुटली आणि थंडीतापाच्या पन्नासेक लोकांना दर चार तासांनी दिली. ताप उतरले, हे त्याने 1763 मध्ये रॉयल सोसायटीला, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या संस्थेला, कळवलं. सिंकोना मलेरियाच्या मुळावर जातो तसं विलो जात नाही, ती ताप आणि दुखणं कमी करते, पण हा फरक तेव्हा कोणाला कळणार.

1828 मध्ये म्युनिकला बुखनर या रसायनशास्त्रज्ञाने सालीतून सॅलिसिन हे कडू द्रव्य वेगळं काढलं, दहा वर्षांनी पिरिया या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाने त्यापासून सॅलिसिलिक ऍसिड केलं. ते पोटाला फार त्रास द्यायचं, म्हणून 1897 मध्ये बायर कंपनीत हॉफमनने त्याला ऍसिटिल गट, म्हणजे अणूंचा एक छोटा जोड, जोडला, आणि 1899 मध्ये ऍस्पिरिन नावाने ते बाजारात आलं.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर त्या ऍसिटिलमध्येच आहे! ऍस्पिरिन तो गट प्लेटलेटमधल्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींमधल्या, एन्झाइमला कायमचा चिकटवतं, म्हणून गुठळी होणं टळतं. सॅलिसिनचं आपल्या पोटात गेल्यावर सॅलिसिलिक ऍसिडच होतं, ऍसिटिल त्यात नाहीच, म्हणजे हार्टच्या गोळीची जागा साल घेऊच शकत नाही.

मग साल निरुपयोगी का, तर तसंही नाही. 2000 साली कंबरदुखीच्या 210 पेशंटवर चार आठवड्यांची ट्रायल झाली, त्यात रोज 240 मिलिग्रॅम सॅलिसिन मिळणाऱ्यांना चांगला आराम पडला. गंमत म्हणजे एवढ्या सॅलिसिनमधून रक्तात जे सॅलिसिलेट येतं ते ऍस्पिरिनच्या एका साध्या गोळीपेक्षा बरंच कमी असतं. म्हणून आता लक्ष सालीतल्या बाकीच्या फिनॉलिक संयुगांकडे गेलंय, सॅलिकॉर्टिन, फ्लॅव्होनॉइड्स आणि टॅनिन्स, तेच टॅनिन ज्याने बाभळीची साल तोंडात तुरट लागते. दीडशे वर्षं सगळे एका सॅलिसिनच्या मागे लागले आणि बाकीची साल तशीच राहिली, असं मला वाटतं.

नदीकाठी दिसणारं आपलं वाळुंज हेही विलोच्याच घराण्यातलं, सॅलिक्स टेट्रास्पर्मा, पण म्हणून फांदी तोडून काढा करू नका, सॅलिसिन प्रत्येक जातीत कमीजास्त असतं. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल किंवा ऍस्पिरिनची ऍलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय साल नकोच.

आत्याची गोळी चालू आहे. डबी मी घेऊन आले.